ओलिअँडर शाळेची पाहणी

'कंटिन्युएशन' हा शब्द शाळेच्या समुपदेशक मिसेस प्रुइटनी इतक्या हळू आवाजात उच्चारला, की ड्वेन बेटेनकोर्टला आधी वाटलं बाईंचा घसा बसलाय. त्याने खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. बाईंनी गोळी घेतली, तोंडात टाकली आणि तोच शब्द पुन्हा उच्चारला, या खेपेला पुदिन्याच्या वासासकट.

"ओलिअँडर कंटिन्युएशन हायस्कूल. लहानशी शाळा आहे. जी मुलं इथे मागे पडतात त्यांना तिथे जरा सावकाश..."

"मागे म्हणजे किती मागे?"

बाईंनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. ड्वेनने बघितलं आणि बघितल्याचा पश्चात्ताप केला. दहावीचे अर्ध्याहून जास्त विषय गेले होते. अकरावी सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि तीही जायच्या वाटेवर होती. या चालीने वर्गातली बाकीची पोरं शाळा संपल्याच्या समारंभात चौकोनी टोप्या हवेत उडवतील, तेव्हा त्याची मुलगी टेसा दहावीचं बीजगणित सोडवत बसलेली असेल.

टेसा शेजारच्याच खुर्चीत होती. अंगातल्या जाड सदऱ्याची टोपी नाकापर्यंत ओढून ती स्वतःच्या बाहीचा दोरा उसवत होती. बोलणं जणू खोलीतल्या एखाद्या कपाटाविषयी चाललं होतं.

आता ड्वेन हा विमा कंपनीचा नुकसान-तपासनीस. गारांनी फुटलेली छपरं, गाईने धडक दिलेल्या गाड्या, पाणी शिरलेली तळघरं, असलं सगळं बघून नुकसान किती हे सांगणं हा त्याचा धंदा. हायवे नव्याण्णवच्या दोन्ही अंगांना असं एक कोठार नव्हतं, ज्याच्या छपरावर तो चढला नव्हता. जगातली कुठलीही आपत्ती नीट पाहणी केली की आटोक्यात येते, अशी त्याची श्रद्धा होती. त्यामुळे त्याने बाईंना ताठ मानेने सांगितलं, "मी आधी त्या शाळेची पाहणी करीन. मग बघू."

घरी आल्यावर त्याने बायकोला, रोशेलला, बजावलं, "कुणाला बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतेय?" रोशेल म्हणाली. ती दातांच्या डॉक्टरकडे काम करायची. लोकांचे दात साफ करताना तिला एकटीलाच बोलावं लागे, कारण समोरच्याच्या तोंडात नळ्या असत. त्या ओघात काय काय निघून जातं याचा तिलाही पत्ता नसायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंपणापलीकडून शेजारच्या हॉफस्ट्रा म्हाताऱ्याने पाण्याची नळी बंद केली. नळी बंद केली म्हणजे प्रकरण गंभीर. दुष्काळामुळे पाणी घालायला बंदी असे त्या दिवशीही हा माणूस बागेला पाणी घालायचा, आणि कुणी टोकलं तर म्हणायचा, मी झाडांशी बोलतोय.

"ओलिअँडर ना?" हॉफस्ट्रा म्हणाला. "बाबा रे, माझ्या भाच्याला तिथे घातलं होतं. मानेवर पोपट गोंदून आला."

"पोपट?"

"गरुड सांगितला होता म्हणे. गोंदणाऱ्याला जमला नाही."

"आता काय करतो तो?"

"फ्रेस्नोत मोठं गॅरेज आहे त्याचं. पण पोपट आहेच ना मानेवर!" हॉफस्ट्राने पुन्हा नळी सोडली. "आणि शाळेला नाव काय, तर ओलिअँडर. कण्हेर! पाला खाल्ला तर गाय मरते. माझ्या दोन गेल्या."

त्याच रात्री मोठ्या बहिणीचा, ओडेटचा, फोन. ओडेट ही पोर्तुगीज मंडळाच्या उत्सव समितीची सर्वेसर्वा. पुढल्या उन्हाळ्याच्या उत्सवात मिरवणुकीची राणी टेसाच होणार, हे तिने टेसा पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं.

"ड्वेन, त्या शाळेतल्या पोरीच्या डोक्यावर मी मुकुट कसा ठेवू? लोक काय म्हणतील?"

"टेसाने राणी व्हायचंय असं कधी म्हटलंय का, ओडेट?"

"राण्या कधी म्हणतात का? त्यांना करावं लागतं! झग्याची मखमल आलीय थेट अझोर्स बेटांवरून. बारा हात. तिचं काय करू, पडदे शिवू?"

त्या दिवसापासून गावात कुणी नुसतं 'कसं काय' विचारलं तरी त्याला त्यात टोमणा ऐकू यायला लागला.

पाहणी गुपचूप करायची, असं त्याने ठरवलं. एका सकाळी शाळेसमोरच्या टायरच्या दुकानाच्या कडेला त्याने गाडी लावली, काच अर्धी खाली केली आणि छपरांसाठी ठेवलेला लांब भिंगाचा कॅमेरा बाहेर काढला. शाळा म्हणजे बदामाच्या बागेच्या टोकाला मांडलेल्या पाच-सात बैठ्या खोल्या. आजूबाजूला तोडणीची धूळ उडत होती. पोरं आत जात होती. कुणी दंगा करत नव्हतं, कुणाच्या हातात सुरा नव्हता. एक मुलगी कडेवर तान्हं मूल घेऊन आली आणि दारातल्या बाईंनी ते मूल सहज स्वतःकडे घेतलं. ड्वेनला हे सगळं फार संशयास्पद वाटलं.

काचेवर टकटक झाली. बाहेर पोलीस.

"साहेब, काय चाललंय?"

"पाहणी," ड्वेन म्हणाला.

"शाळेतल्या पोरांचे फोटो काढून?"

या वाक्याने ड्वेनच्या अंगाला दरदरून घाम फुटला. तो रविवारी चर्चमध्ये वर्गणीची थाळी फिरवणारा माणूस होता. पोलिसाने कॅमेरा मागितला आणि एकेक फोटो बघत गेला. छप्पर. छप्पर. पन्हळ. छप्पर, जवळून. पन्हळीचा वाकलेला कोपरा. पुन्हा छप्पर.

"यात एकही पोर नाही," पोलीस म्हणाला. त्याचा जरा हिरमोड झाल्यासारखा वाटला.

"हाताला सवय लागलीय," ड्वेन पुटपुटला. "डाव्या बाजूला गळत असणार."

तोवर मघाच्या दारातल्या बाई मूल कडेवर घेऊनच रस्ता ओलांडून आल्या. या मुख्याध्यापिका, मिस कीरोझ. ठेंगण्या, आणि आवाज असा की बदामाच्या बागेतले कावळे उडावेत.

"गळतंय ते माहितीये आम्हाला. बादली ठेवलीय. तुम्ही कोण?"

ड्वेनने सांगितलं. सांगताना पोलीस, टायरच्या दुकानातली दोन माणसं आणि ते तान्हं मूल सगळे लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हणजे मुलीसाठी आलात. मग आत येऊन बघा की!"

"येऊ?"

"आत्ता नाही. तिच्या आत्ताच्या मोठ्या शाळेची शिफारस आली की मग."

ड्वेन तिथून थेट मिसेस प्रुइटकडे गेला. त्या म्हणाल्या, शिफारस देते की, पण पालकांनी शाळा बघून आल्याशिवाय शिफारस पाठवायची नाही असा नियम आहे. त्याने ओलिअँडरला फोन केला. तिथली कारकूनबाई म्हणाली, शिफारशीशिवाय शाळा दाखवायची नाही असा नियम आहे. मग दोन्ही शाळांनी एकमेकींशी बोलावं ना, असं ड्वेनने दोन्हीकडे सांगितलं. एकीकडे विषय बदलला गेला, दुसरीकडे फोन ठेवला गेला.

खुलासा ओडेटने केला. मोठ्या शाळेची कारकून मिसेस लूना आणि ओलिअँडरची कारकून या सख्ख्या नणंद-भावजया. टर्की भाजायच्या भांड्यावरून त्यांचं बिनसलं होतं. मिसेस लूनाचं भांडं नणंदेने नेलं, परत आलं तेव्हा बुडाला पोचा. नणंद म्हणे पोचा आधीचाच. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद, आणि दोन्ही शाळांमधला सगळा कारभार मुकाट्याने, टपालाने.

आणि म्हणून, एका शनिवारी, कोट घातलेला ड्वेन बेटेनकोर्ट मिसेस लूनाच्या स्वयंपाकघरात एक भांडं उलटं धरून उभा होता. बोट फिरवून, दिव्यासमोर धरून त्याने सांगितलं, की पोचा ना नणंदेने पाडला ना भावजयीने. भांडं वरच्या फळीवरून आपलं आपण पडलेलं आहे. हे धादांत खोटं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने पाहणीचा खोटा निकाल दिला. नणंद-भावजया गळ्यात पडून रडल्या. सोमवारी शिफारस पोचली.

भेटीच्या दिवशी तो, रोशेल आणि टेसा असे तिघे गेले. ड्वेनने प्रश्न काढून ठेवले होते. आग लागली तर बाहेर पडायचे दरवाजे किती? यापूर्वी काही घटना? शिक्षक सोडून किती जातात? मिस कीरोझनी सगळ्याची उत्तरं दिली. त्यांनी वर्गही दाखवले. दहा-बारा पोरं, आणि शिक्षक प्रत्येकाला नावाने हाक मारतोय. गळकी खोली दाखवली, बादलीसकट. मग त्या आपल्या खुर्चीत बसल्या.

"झालं तुमचं? आता आमचं. टेसा, तुला इथे यायचंय का?"

"त्याचं असं आहे," ड्वेन म्हणाला, "की ती मुळात हुशार..."

"मी टेसाला विचारलं."

"हो, हो. म्हणजे तिला गर्दीत..."

"ड्वेन," रोशेल म्हणाली.

तो थांबला. टेसा बाहीचा दोरा उसवत राहिली. मिस कीरोझनी जराशाने मोहरा वळवला. "बरं, तुम्हीच सांगा. टेसाला काय आवडतं?"

हे सोपं होतं. "पोहायला," ड्वेन म्हणाला.

"सोडून दोन वर्षं झाली," टोपीच्या आतून आवाज आला.

"कुत्री! कुत्र्यांचं वेड आहे तिला."

"मला कुत्र्यांनी शिंका येतात, डॅड. वेड तुला आहे."

ड्वेनने रोशेलकडे बघितलं. तिने खिडकीकडे बघितलं. "मैत्रीण आहे तिची," तो म्हणाला. बुडणारा माणूस फळकुटाला धरतो तसं त्याने ते नाव धरलं. "ब्रायली. दोघी एका जिवाच्या. जेवायच्या सुट्टीत कायम बरोबर."

"ब्रायली आयडाहोला राहायला गेली."

"कधी?" हे रोशेल.

"गेल्या वर्षी."

"मग जेवायला कुणाबरोबर बसतेस?"

"जिमच्या मागच्या जिन्यात."

"अगं पण कुणाबरोबर?"

"जिन्यात, म्हटलं ना."

पलीकडच्या वर्गात कुणीतरी हसत होतं. टेसाने टोपी मागे केली. कित्येक दिवसांनी ड्वेनला तिचा अख्खा चेहरा दिसला आणि तो त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठ्या मुलीचा निघाला.

"मी ठरवून तास नव्हते बुडवले," ती मिस कीरोझना म्हणाली. "सुट्टी संपली की उठून आत जायचं असतं ना, ते जमेना. पहिल्या दिवशी वाटलं कुणीतरी विचारेल. तिथे तीन हजार पोरं आहेत. कुणीच विचारलं नाही. गैरहजर राहिलं की घरी फोन जातो म्हणाले होते, म्हणून मी घरी वाट बघत बसले. फोन आलाच नाही."

पण फोन आला होता, हे ड्वेनच्या आत्ता ध्यानात आलं. रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळी यायचा. एक यांत्रिक बाई 'आपला विद्यार्थी' एवढं म्हणायची, आणि सौरऊर्जेची जाहिरात समजून तो कट करायचा. टेबलावर, टेसाच्या समोर. एकदा तर या लोकांना काही कामधंदा नाही, असंही म्हणाला होता.

त्याने ते तिथल्या तिथे सांगितलं. सांगताना वर बघणं त्याला जमलं नाही.

टेसा त्याच्याकडे बघत राहिली. "तो फोन होता तो?" आणि ती हसायला लागली. हसता हसता तिचा श्वास अडकला आणि मग ते हसणं राहिलं नाही. रोशेलने तिला जवळ घेतलं. ड्वेनने खिशातून खोकल्याच्या गोळ्या काढल्या. दुसरं काय काढावं त्याला कळेना.

"घेतो आम्ही तिला," मिस कीरोझ म्हणाल्या. "जानेवारीत. त्याआधी जागा नाही. रांग आहे."

रांग! ज्या शाळेच्या नावाने तो महिनाभर लाजत होता, त्या शाळेबाहेर लोक रांग लावून उभे होते, आणि तो शेवटचा होता.

गाडीत टेसा म्हणाली, "जानेवारीपर्यंत मी तिथे कशी जाऊ, डॅड?"

घर येईपर्यंत ड्वेनला सुचलं ते एवढंच, की दुपारची सुट्टी असते तेव्हा आपण जावं.

तो दुसऱ्या दिवशी दोन सँडविचं घेऊन मोठ्या शाळेत गेला. खिडकीत मिसेस लूना.

"मुलीला अर्ध्या तासासाठी बाहेर नेतो. जेवायला."

"जेवण हे कारण होत नाही," मिसेस लूना म्हणाल्या. भांड्याचे उपकार स्मरून त्या मऊ आवाजात म्हणाल्या, पण म्हणाल्या. "डॉक्टर, दंतवैद्य, कोर्ट किंवा मयत."

"मयत," ड्वेन म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही मयत. तिसऱ्या दिवशी मिसेस लूनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती सोसताय हो तुम्ही लोक." चौथ्या दिवशी, घराण्यातली थोरली म्हणून, ओडेटच्या दारात मयताच्या घरी पाठवतात ते पदार्थ यायला लागले. मॅकरोनीची तीन पातेली, एक अख्खं हॅम आणि फादरांचा फोन. ओडेटने भावाला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर रोशेलने दवाखान्यातून दंतवैद्याच्या चिठ्ठ्या द्यायला सुरुवात केली. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमाराला मिसेस लूनाने न राहवून विचारलं, "पोरीला दात किती आहेत?"

कालव्याच्या बांधावर गाडी लावून दोघं जेवायचे. पहिले काही दिवस ड्वेनने पाहणी केली. तास कसा झाला? कुणी बोललं का? उद्या जमेल का? टेसा पाव चावत समोर बघायची. मग त्याचे प्रश्न संपले आणि गाडीत नुसताच रेडिओ राहिला. शेतीमालाचे भाव सांगणारं केंद्र, कारण गाडीत दुसरं काही लागतच नसे.

एक दिवस बाजारभाव संपल्यावरही निवेदकाचा आवाज चालूच राहिला. "बदाम स्थिर. पिस्ते नरम. ड्वेन बेटेनकोर्ट, वय अठ्ठेचाळीस, किंचित घसरण." ड्वेनने वळून बघितलं. टेसा, ओठ जेमतेम हलवत. त्याला सँडविचमधल्या अंड्याचा ठसका लागला. मग तिने हॉफस्ट्रा केला, नळीसकट. ओडेट केली. मिसेस प्रुइटची कुजबुज केली. आणि मग गळा जरा आवळून, जबडा पुढे काढून, "आधी मी पाहणी करीन, मग बघू." हा कोण, हे ड्वेनला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा लागलं, आणि हसूही आलं.

सगळे दिवस असे नव्हते. डिसेंबरात एकदा ती आलीच नाही. मिसेस लूनाने कुणाला न सांगता त्याला आत सोडलं. टेसा जिन्यात बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन. "उठता येत नाहीये," म्हणाली. तो तिच्या खालच्या पायरीवर बसला. घंटा झाली, पोरांचे लोंढे गेले, दुसरी घंटा झाली. त्या सहामाहीतही ती जवळपास सगळ्या विषयांत गेली.

जानेवारीत ओलिअँडर सुरू झाली त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की शाळा दोन तास उशिरा भरली. टेसा दाराशी उतरली. "येऊ का आत?" ड्वेनने विचारलं. "नको," ती म्हणाली, आणि चार पावलांत धुक्यात दिसेनाशी झाली. आतून मिस कीरोझचा आवाज तेवढा आला, "टेसा ना? ये, ये, बादली सांभाळून!"

दुपारी ड्वेनला एका कोठाराचं छप्पर बघायचं होतं. ते बघून तो निघाला आणि भानावर आला तेव्हा गाडी कालव्याच्या बांधावर उभी होती, शेजारच्या आसनावर दोन सँडविचं. सकाळी हाताने आपसूक दोन बांधली होती. ओलिअँडरमध्ये पोरांना शाळेतच जेवण होतं, सगळ्यांना एका लांब टेबलावर. हे त्याने स्वतः विचारून घेतलं होतं. रेडिओवर पिस्ते वधारले होते. कालव्याचं पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

फोन वाजला. टेसाचा निरोप. एकच शब्द.

'जेवलास?'

ड्वेनने रेडिओ बंद केला. मग 'हो' असं लिहून पाठवलं आणि पाठवलेलं खरं ठरावं म्हणून पहिलं सँडविच उघडलं.